एका घरांत दोन मापें

दिनांक 6 सप्टेंबर 2023 रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें एका नवऱ्याचें घटस्फोटाचें अपील फेटाळलें. बायको घरकाम करीत नाहीं, सदा आपल्या आईशीं फोनवर बोलत असते, ही नवऱ्याची तक्रार. कचेरींतून परत आल्यावर घरचें सारें काम मलाच करावें लागतें, हें बायकोचें उत्तर. दोघेंही नोकरी करणारीं. आधुनिक समाजांत घरच्या जबाबदारीचा भार उभयतांनीं सारखाच वाहिला पाहिजे, तो एकट्या स्त्रीनें वाहावा ही जुनाट समजूत आतां बदलली पाहिजे, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनीं निकालपत्रांत काढले, व ते सर्वथा योग्य आहेत. त्यांचें स्वागतही झालें. परंतु स्वागत करून विसरून जावी अशी ही गोष्ट नव्हे.

आमचें लक्ष जातें तें त्या दोन जबान्यांकडे. एकच घर, तोच ओटा, तींच भांडीं, तींच वर्षें. आणि एक म्हणतो ही कांहींच करीत नाहीं, दुसरी म्हणते सर्व मीच करतें. न्यायासनास दोहोंपैकीं एक बाजू ग्राह्य धरावी लागते, कारण त्यावांचून निकाल देतां येत नाहीं. परंतु कौटुंबिक न्यायालयांत ज्या वकिलांचा थोडाबहुत काळ गेला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, अशा दाव्यांत शपथेवर जाणूनबुजून खोटें बोलणारे थोडे, आणि आपलें म्हणणें मनापासून खरें समजून बोलणारेच पुष्कळ. नवऱ्यास खरोखरच वाटतें कीं आपल्यावर अन्याय झाला. बायकोसही खरोखरच तसें वाटतें. आणि संसाराचें सुख पुष्कळ अंशीं ह्या वाटण्यावरच अवलंबून आहे. कोणीं किती काम केलें ह्यापेक्षां, जें केलें तें वाजवी होतें कीं नाहीं ह्याविषयीं उभयतांची समजूत जुळते कीं नाहीं, ह्यावर घरांतलें हंसणेंबोलणें ठरतें. आजच्या सुशिक्षित घरांत जी कटुता वाढत आहे तिचें एक मूळ कामाच्या ओझ्यांत आहेच. पण त्याहून खोल गेलेलें मूळ असें कीं, एकाच घरांत न्यायाचीं दोन मापें चालूं आहेत, आणि तीं दोन आहेत हें दोघांपैकीं एकासही ठाऊक नसतें.

प्रथम मनुष्यस्वभावाचा भाग घेऊं. 1979 सालीं कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाच्या रॉस व सिकोली ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं 37 दांपत्यांस वेगवेगळें गांठून विचारलें कीं, न्याहारी करणें, भांडीं घासणें, मुलें सांभाळणें, अशा वीस गोष्टींत तुमचा स्वतःचा वांटा किती. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज सोळा आण्यांहून अधिक भरली! ह्यांत लबाडी नव्हती. आपण केलेलें काम आपल्या डोळ्यांदेखत होतें म्हणून तें आठवतें. दुसऱ्यानें केलेलें काम आपण कचेरींत, बाजारांत किंवा झोंपेंत असतांना होतें, म्हणून तें आठवत नाहीं. गंमत अशी कीं, भांडण उकरून काढण्यासारख्या भूषणास्पद नसलेल्या बाबींतही हाच प्रकार आढळला. तेव्हां आपल्या हातून फार होतें आणि दुसऱ्याच्या हातून कांहींच होत नाहीं, असें ज्या नवऱ्यास किंवा बायकोस वाटत असेल, तिनें अगर त्यानें हा स्वाभाविक भ्रम आधीं वजा घालावा.

हा भ्रम उभयतांच्या ठिकाणीं सारखाच असल्यामुळें तेवढ्यानें संसार नासला नसता. संसार नासतो तो तुलनेनें. नवरा आपल्या वागणुकीची तुलना कोणाशीं करतो? आपल्या बापाशीं. बापानें जन्मांत कधीं पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाहीं; आपण सकाळीं चहा करतों, रविवारीं भाजी आणतों, मुलाला शाळेच्या बसपर्यंत पोंचवतों. ह्या मापानें पाहिलें तर आपण उदार, सुधारक, किंबहुना थोडेसे बायकोच्या मुठींतले, असा त्याचा प्रामाणिक ग्रह होतो, आणि शेजारचे स्नेही त्यास दुजोरा देतात. बायको मात्र त्याची तुलना सासऱ्याशीं करीत नाहीं. ती स्वतःशीं करते. मीही नऊ तास कचेरींत होतें, मीही लोकलमध्यें उभी राहून आलें. मग घरांत पाऊल टाकतांच मी पदर खोंचावा आणि ह्यानें पाय पसरावे हें कोणत्या न्यायानें? तो कृतज्ञतेची अपेक्षा करतो, कारण त्याच्या मापानें त्यानें देणें होतें त्याहून जास्त दिलें. ती कृतज्ञता दाखवीत नाहीं, कारण तिच्या मापानें अर्धें देणें अजून बाकी आहे. त्यानें भांडीं घासलीं हें तो उपकार समजतो, ती हप्ता समजते. पुढचें भांडण भांड्यांवरून होत नाहीं. तें 'ह्या घरांत माझी किंमत कोणास नाहीं' ह्या वाक्यावरून होतें, आणि गंमत ही कीं तें वाक्य दोघांच्याही तोंडीं असतें. आर्ली हॉक्शिल्ड ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीनें 1989 सालीं प्रसिद्ध केलेल्या नोकरदार जोडप्यांवरील ग्रंथांत कृतज्ञतेचा हा व्यवहार फार मार्मिकपणें उलगडला आहे.

आमच्याकडे ह्यांत तिसरें माप पडतें, तें सासूचें. 'आम्ही चुलीपुढें धूर खाल्ला, तुम्हांला गॅस आहे, कुकर आहे, तरी तुमचीं तोंडें वाकडींच.' सासूबाईंचें म्हणणें त्यांच्या अनुभवापुरतें खरें आहे. परंतु एका पिढीनें सोसलेला त्रास हा पुढच्या पिढीच्या त्रासाचें समर्थन कसा होतो, हें कोडें आम्हांस आजपर्यंत उलगडलेलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष वांटणी कशी आहे तें पाहूं. केंद्र सरकारनें 2019 सालीं व पुन्हां 2024 सालीं लोक आपला दिवस कसा घालवतात ह्याची देशभर पाहणी केली. 2019 च्या पाहणींत घरचें बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामावर दिवसाकाठीं सरासरीनें 299 मिनिटें वेळ जात होता, व तसें काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटें. ही सरासरी कांहीं तरी काम करणाऱ्यांचीच आहे. दर पांच स्त्रियांपैकीं चार तें करीत होत्या, पुरुषांपैकीं सुमारें एक चतुर्थांश. 2024 च्या पाहणींत हेच आंकडे 289 व 88 मिनिटें झाले. म्हणजे पांच वर्षांत स्त्रियांचा वेळ दहा मिनिटांनीं घटला. पुरुषांचाही नऊ मिनिटांनीं घटला. ओझें किंचित् हलकें झालें, वांटणी होती तेथेंच राहिली. मुलाबाळांची व आजाऱ्यांची शुश्रूषा ह्यांत धरलेली नाहीं.

येथें एक आक्षेपक उभा राहतो, व त्याचा आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाहीं. तो म्हणतो, 'आमच्या आज्यांनीं ह्याहून दुप्पट कष्ट केले; त्यांनीं कधीं मिनिटें मोजलीं नाहींत, आणि त्या सुखी होत्या. तुम्हीं न्यायाचें खूळ डोक्यांत भरविलें आणि घरें मोडलीं.' हा आक्षेप नवा नाहीं. रखमाबाईंचा खटला 1884 पासून 1888 पर्यंत गाजत होता, तेव्हां स्त्रीशिक्षणाविरुद्ध नेमका हाच सूर निघाला होता. आणि आक्षेपकाच्या बाजूस शास्त्राचाही थोडा आधार आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. थिओडोर ग्रीनस्टीन ह्या संशोधकानें 1996 सालीं अमेरिकेंतील दांपत्यांवरून दाखविलें कीं, कामाची तीच विषम वांटणी समतेवर विश्वास असलेल्या पत्नीस अन्याय म्हणून बोंचते, व जुन्या विचाराच्या पत्नीस तितकीशी बोंचत नाहीं. काम तेंच, दुःख मात्र समजुतीप्रमाणें कमीअधिक. तेव्हां समजूतच जुनी ठेवली असती तर काय बिघडलें असतें, असा प्रश्न ओघानेंच येतो.

ह्यास उत्तर त्याच अमेरिकेंतील दुसऱ्या अभ्यासांत आहे. लेनन व रोझेनफील्ड ह्या दोघींनीं 1994 सालीं असें दाखवून दिलें कीं, ज्या स्त्रियांस विवाहाबाहेर दुसरा आसरा नाहीं व हातीं पैसा नाहीं, त्यांसच विषम वांटणी न्याय्य वाटण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे हें समाधान विचारानें आलेलें नसून निरुपायानें आलेलें असतें. जेथें दार एकच, तेथें खोली प्रशस्त आहे असें मानणेंच शहाणपणाचें ठरतें. आपले अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन ह्यांनीं 1990 सालच्या आपल्या निबंधांत हाच मुद्दा व्यापक रीतीनें मांडला आहे. कुटुंबांत सहकार्यही असतें व हितसंबंधांचा विरोधही असतो. आणि ज्या व्यक्तीस स्वतःचें हित म्हणून कांहीं वेगळें आहे ह्याची जाणीवच नसते, किंवा जिच्या कष्टांस घरांत कोणी हातभार म्हणून मोजीतच नाहीं, तिच्या वांट्यास कमी येतें. तिची तक्रार नाहीं एवढ्यावरून तिच्यावर अन्याय नाहीं असें सिद्ध होत नाहीं.

राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकांस तर हें समजावून सांगण्याची गरजच पडूं नये. इंग्रज सरकार आम्हांस काय सांगत होतें? रेल्वे आहे, तारायंत्र आहे, बंदोबस्त आहे, रयत संतुष्ट आहे. चार शिकलेले वकील व संपादक तेवढे असंतोष पसरवितात. ह्या उत्तरानें आमचें समाधान झालें नाहीं. दादाभाई नौरोजींनीं 1901 सालच्या आपल्या ग्रंथांत देशाच्या दारिद्र्याचा जमाखर्च मांडला, तेव्हां मुकाट्यानें सोसणाऱ्या रयतेच्या मौनास त्यांनीं संमति मानलें नाहीं. जो युक्तिवाद आम्हीं राज्यकर्त्यांच्या तोंडून ऐकून घेतला नाहीं, तोच युक्तिवाद 1947 नंतर पाऊणशें वर्षें उलटल्यावर आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून करावा, ह्याची थोडी तरी लाज वाटली पाहिजे.

शिवाय आज्या सुखी होत्या हें सांगितलें कोणीं? जात्यावरच्या ज्या ओव्या गेल्या कांहीं दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा झाल्या आहेत, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे, आणि त्यांत सासुरवासाचें, एकटेपणाचें व कष्टांचें जें गाणें आहे तें तक्रार नव्हे तर काय? त्या तक्रारीस ओसरीवर जागा नव्हती, म्हणून ती पहांटे जात्याला सांगितली गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं 1882 सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ग्रंथाचें नांवच काय सांगतें तें पाहावें. पुरुषांस एक माप व स्त्रियांस दुसरें, ही गोष्ट त्या बाईंस विलायतेच्या पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्याशीं त्यांच्याच भाषेंत दोन शब्द बोलूं. 1932 चा भागीदारीचा कायदा त्यांच्या परिचयाचा आहे. भागीदारांनीं एकमेकांशीं न्यायानें व इमानानें वागावें, खरा हिशेब द्यावा, असें तो कायदा सांगतो. दुसरा करार नसेल तर नफ्यांत सर्वांचा वांटा सारखा. कोणी गल्ल्यावर बसतो आणि कोणी वखारींत घाम गाळतो म्हणून त्यांत फरक पडत नाहीं. आणि पेढीच्या वह्या पाहण्याचा अधिकार प्रत्येक भागीदारास आहे. आतां, ज्या पेढींत भागीदार रोज रात्रीं वह्या उघडून एकमेकांच्या नोंदी तपासतात ती पेढी बुडायला आली असें कोणीही सांगेल. संसारांतही 'मीं काल भाजी चिरली, आज तूं चीर' असा रोजचा जमाखर्च चालूं झाला म्हणजे प्रेम संपलेंच समजावें. म्हणून मिनिटें मोजणारा संसार आम्हांस मुळींच नको आहे. परंतु वह्या रोज उघडूं नयेत हें वेगळें, आणि वह्या पाहण्याचा अधिकारच एका भागीदारास नसावा हें वेगळें. चांगल्या पेढींत वही कपाटांत असते, पण कपाटास कुलूप नसतें. आमच्या बहुतेक घरांत बायकोनें 'हें वाजवी आहे का' एवढें विचारलें तरी तो अविश्वास समजला जातो.

कायद्याचा कारभारही ह्या बाबतींत मोठा चमत्कारिक आहे. घरांत राबणाऱ्या स्त्रीच्या कामाची किंमत आमचीं न्यायालयें ठरवितात, पण बहुधा ती मेल्यावर! जमशेदपूर येथें 1989 सालीं लागलेल्या आगीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 2001 सालीं गृहिणीच्या सेवेचें मोल दरमहा 3,000 रुपये धरलें. पुढें जानेवारी 2021 मध्यें मोटार अपघाताच्या एका दाव्यांत त्याच न्यायालयानें ह्या प्रश्नाचा विस्तारानें ऊहापोह केला. 2011 च्या खानेसुमारींत सुमारें 16 कोटी स्त्रियांनीं घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय म्हणून नोंदविला, व पुरुषांनीं जेमतेम 58 लाखांनीं, ही गोष्ट न्यायमूर्तींनीं नमूद केली, आणि गृहिणीचें काल्पनिक उत्पन्न धरणें म्हणजे तिच्या श्रमास व त्यागास मान्यता देणें होय असें सांगितलें. ही मान्यता ट्रकखालीं सांपडेपर्यंत तिच्या कानीं पडूं नये, हें दुर्दैव नव्हे काय? मद्रास उच्च न्यायालयानें जून 2023 मध्यें एक पाऊल पुढें टाकलें. नवरा अनेक वर्षें परदेशांत कमावीत होता, बायको इकडे घर व मुलें सांभाळीत होती. तिच्या त्या कामामुळेंच त्यास कमावतां आलें, म्हणून त्या कमाईतून झालेल्या कांहीं मिळकतींत तिचा अर्धा हिस्सा न्यायालयानें मान्य केला. आमच्या शेजारीं गोव्यांत तर 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून, विवाहापूर्वीं वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक समजली जाते, व स्थावर विकावयाचें तर बायकोची संमति लागते. महाराष्ट्रांत असा नियम नाहीं. अर्ध्या मिळकतीनें गोव्याचीं स्वयंपाकघरें आपोआप समतेचीं झालीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जिच्या नांवावर अर्धें घर आहे तिच्या प्रश्नास 'तुला काय कमी आहे' असें उत्तर देतांना मनुष्य थोडा विचार करतो.

नवऱ्यांचीही एक बाजू आहे, व ती ऐकून न घेतां निकाल देणें आम्हां वकिलांस शोभणार नाहीं. माप बदलावयाचें तर दोहों पारड्यांत बदललें पाहिजे. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांची फी, आईबापांचें औषधपाणी हें सर्व पुरुषाच्या पगारांतून जावें आणि बायकोचा पगार मात्र तिचा स्वतःचा समजावा, असा रिवाज कांहीं सुशिक्षित घरांत पडूं लागला आहे. नवऱ्याची नोकरी गेली तर त्याची घरांत व सासुरवाडींत जी अवस्था होते ती पाहण्यासारखी नसते. बायकोची गेली तर 'बरें झालें, मुलांकडे लक्ष देईल' असें म्हणतात. कमावणें हें पुरुषाचें कर्तव्य आणि बायकोची हौस, असें मानणाऱ्या स्त्रीनें घरकाम हें बायकोचें कर्तव्य व पुरुषाची मदत असें मानणाऱ्या नवऱ्यास दोष देऊं नये. दोन्ही समजुती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि तें नाणें चलनांतून काढावयाचें तर सबंधच काढावें लागेल. मात्र आज ज्या घरांत दोघें कमावतात व एकच रांधते, तेथें पहिला हात कोणीं हलवावा ह्याविषयीं आम्हांस संशय नाहीं.

आतां शेवटीं एका जुन्या निकालाची आठवण देतों. 2023 च्या निकालाच्या आदल्याच वर्षीं, ऑक्टोबर 2022 मध्यें, ह्याच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें छळाची एक फिर्याद रद्द करतांना असें म्हटलें होतें कीं, विवाहित स्त्रीस कुटुंबासाठीं घरकाम करावयास सांगितलें म्हणजे तिला मोलकरणीसारखें वागविलें असें होत नाहीं. आणि तिची घरकाम करण्याची इच्छा नसेल तर तिनें तें लग्नापूर्वींच सांगावें, म्हणजे वरास विवाहाचा फेरविचार करतां येईल. फिर्याद टिकाऊ होती कीं नव्हती, ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. घरकाम सांगणें हा गुन्हा नव्हे हें कायद्यानें खरेंच आहे. परंतु लग्नापूर्वीं सांगावें ही सूचना आम्हांस फार मोलाची वाटते, आणि ती वधूपुरतीच कां, एवढेंच आम्ही विचारतों. आपली घरकाम करण्याची इच्छा नाहीं, हें वरानेंही लग्नापूर्वींच सांगूं नये काय, म्हणजे वधूसही फेरविचार करतां येईल?

आमच्याकडे लग्न ठरलें कीं दोन्हीं पक्षांचे वडीलधारे पुरुष बैठक घालून याद्या करतात. कार्यालयाचा खर्च कोणाचा, मानपान कोणाचा, सोनें किती, पंगती किती, वरातीची गाडी कोणीं ठरवावयाची, हें सर्व कागदावर उतरतें, त्यावर उभय पक्षांच्या सह्या होतात, कुंकू लागतें. 1873 सालीं जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींनीं भटाशिवाय लग्नें लावलीं, तेव्हां वधूवरांनीं एकमेकांस वचनें देण्याची चाल पाडली, व स्त्रियांच्या हक्कांचा उच्चार त्या वचनांत आणला. दीडशें वर्षांपूर्वीं शेतकऱ्यांच्या मांडवांत जें बोलतां आलें तें आज पदवीधरांच्या बैठकींत बोलण्यास अवघड जाऊं नये. आगामी हंगामांत ज्यांच्या घरीं कार्य आहे त्यांनीं वधूवरांस अर्धा तास वेगळें बसवावें, आणि यादीच्या कागदाखालीं त्या दोघांच्याच हातानें चार ओळी लिहून घ्याव्या: मूल रात्रीं रडलें तर कोण उठणार, सासूबाई आजारी पडल्या तर रजा कोण घेणार, दोघांचे पगार कोणत्या खात्यांत जाणार, आणि बदली आली तर कोणाची नोकरी सुटणार.